खालच्याचा शब्द

झाडावर चढलेल्या माणसाला अक्कल नसते. हे माझं मत नाही, आमच्या वडिलांचं आहे, आणि ते स्वतः तीस वर्षं झाडं उतरवत होते. त्यांचं म्हणणं असं, की वरच्याला फक्त हातातली फांदी दिसते, झाड दिसतं ते खालच्याला. वरचा भिजला, दमला, त्याचे हात लटपटायला लागले तरी तो खाली येत नाही, कारण एवढं चढून आल्यावर काम अर्धं टाकणं त्याच्या जिवावर येतं. म्हणून त्यांनी घरचा नियम घालून दिला. पाऊस आला की वरच्याने विचारायचं, ‘उतरू का?’ आणि खाली फांद्या सोडायचा दोर धरून उभा असलेला जे सांगेल ते मुकाट्याने ऐकायचं. त्यात फाटे फोडायचे नाहीत.

नियम चांगलाच होता. वडील म्हातारे होऊन अंथरुणात गेले. आमच्या धंद्यात हे भाग्य थोड्यांना लाभतं. दादाच्या वाट्याला अंथरूणच आलं, पण चव्वेचाळिसाव्या वर्षी.

तीन वर्षांपूर्वी तो पावसात पडला. कमरेखाली सगळं गेलं. दोर वहिनींच्या हातात होता. मी त्या दिवशी तापाने घरी पडून होतो, त्यामुळे पाहिलं काहीच नाही. शुद्धीवर आल्यावर दादाने डॉक्टरांना, पोलिसांना आणि भेटायला आलेल्या झाडून साऱ्या नातेवाइकांना एकच सांगितलं. साल ओली होती, कमरेचा पट्टा एका फांदीवरून काढून दुसरीला घालत होतो, तेवढ्यात पाय सटकला. उतरू का म्हणून विचारायला वेळच मिळाला नाही. अशा अवस्थेतल्या माणसाची उलटतपासणी कोण घेणार? आम्ही मान डोलावली आणि नशिबाला शिव्या देऊन मोकळे झालो.

तेव्हापासून मी एकटाच वर चढतो. वहिनी खाली दोर धरतात. दादा खिडकीपाशी पलंगावर पडून फोनवरून धंदा चालवतो. नियमही तसाच राहिला असं म्हणता येईल, फक्त त्यात एक गाठ वाढली. पाऊस आला की मी वरून विचारतो, ‘वहिनी, उतरू का?’ वहिनी वर बघत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढतात आणि दादाला लावतात. तो विचारतो, जोर किती आहे, वारा आहे का. मग उत्तर देतो. तीन वर्षं त्याचं उत्तर एकच आहे, ‘चालू ठेवा.’ रिमझिम असो की मुसळधार. उद्या पूर आला तर शेंड्यापर्यंत पोहत जा म्हणून सांगेल, असं मी एकदा वहिनींना म्हणालो होतो. त्या हसल्या नाहीत.

मला त्याचा राग यायचा. ज्याचं कंबरडं पावसाने मोडलं त्याने तरी समजून घ्यावं की नाही? पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आणि मी माझ्यापुरता त्याचा अर्थही लावून ठेवला होता. पावसात काम बंद करायचं ठरवलं, तर त्या दिवशी त्यानेही बंद करायला हवं होतं असं होतं. मग तो मूर्ख ठरतो. काम चालू ठेवलं की तो नुसता दुर्दैवी. बाकीचं आयुष्य मूर्ख म्हणून लोळण्यापेक्षा दुर्दैवी म्हणून लोळलेलं बरं, असं त्याला वाटत असणार. हा शोध लावल्याबद्दल मी स्वतःवर फार खूश होतो.

मग ऐकत का होतो, असं कोणी विचारेल. सोपं आहे. तो मोठा भाऊ आहे, झाडावर चढायला त्याने शिकवलं, आणि जो उठून उभा राहू शकत नाही त्याला ‘नाही’ म्हणताना त्याला ओलांडून गेल्यासारखं वाटतं.

या वेळचं झाड शाळेतलं होतं. मुलांच्या संडासांवर एक निलगिरी कलली होती. सुटी संपून मुलं यायच्या आत मुख्याध्यापिका बाईंना ती काढून हवी होती. सकाळपासून शेंडा आणि वरच्या फांद्या दोराला बांधून एकेक करून खाली सोडल्या. पत्र्यावर झुकलेल्या दोन जाड फांद्या तेवढ्या राहिल्या. त्यातली पहिली अर्धी कापली आणि पाऊस आला. निलगिरीची साल गुळगुळीत. पाणी लागलं की साबण. बुटांचे खिळे ती धड धरत नाहीत आणि धड सोडतही नाहीत.

मी विचारलं. वहिनींनी पिशवी उघडली, फोन कानाला लावला आणि थोड्या वेळाने खाली बघतच हात हलवला. चालू ठेवा.

मी पाय बदलला आणि घसरलो. फार नाही, हातभर. पट्टा बरगड्यांत रुतला म्हणून थांबलो. फांद्या कापायचं मशीन चालूच हातातून सुटून दोरीला लटकलं, गुडघ्याला वीतभर अंतरावरून झोका घेऊन गेलं आणि मग बंद पडलं. नडगी सोलून निघाली. खाली पाहिलं तर वहिनी चिखलात बसल्या होत्या. दोर दोन्ही हातांत घट्ट धरलेला आणि फोन कुठेतरी पडलेला. त्या ओरडल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा मात्र असा झाला होता, की आधी मला वाटलं त्यांनाच काहीतरी लागलं.

अर्धी कापलेली फांदी मी दोराने आवळली आणि न विचारता खाली उतरलो. वीस वर्षांत पहिल्यांदा. शिपायाला संडासाच्या बाजूचं फाटक बंद करायला सांगितलं आणि आम्ही घरी आलो.

दादाची खोली म्हणजे एक पलंग, एक खिडकी आणि भिंतीवर हारीने ठोकलेल्या खुंट्या. त्याचा जुना पट्टा अजून पहिल्या खुंटीला आहे. फेकू देत नाही. आत शिरलो तर त्याचा पहिला प्रश्न, ‘पडली का फांदी?’ माझ्या पायजम्यावर रक्त होतं, ते त्याला दिसत होतं. तरी आधी फांदी.

मी ठरवून आलो होतो. म्हणालो, आजपासून पावसात काम बंद. तो म्हणाला, लोकांना झाडाची भीती पावसातच वाटते, कोरड्यात कोण बोलावतं? मी म्हणालो, नाही बोलावलं तरी चालेल. तो म्हणाला, वडीलही पावसात काम करायचे. मी म्हणालो, वडील पावसात उतरायचेही. असं बराच वेळ चाललं. वहिनी तेवढ्या वेळात ओला दोर एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर पसरत होत्या. ओला दोर गुंडाळून ठेवला की आतून कुजतो, त्यामुळे कितीही दमल्या तरी हे काम त्या आधी करतात.

शेवटी तो म्हणाला, ‘मी पावसामुळे नाही पडलो. नशिबामुळे पडलो.’

आणि मी तोंडाचं झाकण उघडलं. तीन वर्षं घासूनपुसून ठेवलेला माझा शोध त्याला ऐकवला. म्हणालो, ‘तुला नुसतं दुर्दैवी राहायचंय. त्या दिवशी उतरला असतास तर आज चालत असतास, हे तुला ऐकायचं नाही. म्हणून मी तिकडे मेलो तरी चालेल.’

एवढं लागेल असं बोललो आणि तो गप्प, म्हणजे नेम बरोबर बसला, असं मला वाटलं. खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं.

तेव्हा वहिनी बोलल्या. दोर हातातच होता.

‘ह्यांनी विचारलं होतं, भावजी.’

दादा ताडकन म्हणाला, ‘तू मध्ये बोलू नकोस.’

‘वरून विचारलं, उतरू का. मी म्हटलं, एकच फांदी राहिलीय, तेवढी घ्या.’

‘खोटं बोलतेय ती. मी विचारलंच नव्हतं.’

‘दोनदा विचारलंत तुम्ही,’ वहिनी म्हणाल्या.

मी विचारलं, का सांगितलंत असं? मला वाटलं होतं काहीतरी कारण असेल, माणूस ऐकून मान खाली घालेल असं. त्या म्हणाल्या, ‘माझे पाय भिजले होते. तेवढ्या एका फांदीसाठी दुसऱ्या दिवशी परत यायचा कंटाळा आला होता.’

एवढंच होतं. दादाने तोंड खिडकीकडे केलं. वहिनींनी दोराचं उरलेलं टोक खुंटीला अडकवलं आणि माझ्या नडगीसाठी गरम पाणी आणायला आत गेल्या. मी मात्र मधोमध उभा होतो, आणि कुठे बघावं ते कळत नव्हतं.

शोध माझा चुकला नव्हता. माणूस चुकला होता. पावसात एकदा जरी ‘उतरा’ म्हटलं, तरी त्या दिवशीही तेच म्हणायला हवं होतं असं झालं असतं. पण त्याने कोण उघडं पडणार होतं? तो नाही. वहिनी. म्हणून त्याने उत्तर देण्याचं कामच त्यांच्याकडून काढून स्वतःकडे घेतलं आणि तीन वर्षं एकच उत्तर दिलं. बायकोला तो प्रश्न पुन्हा झेलायला लागू नये म्हणून त्याने मला, सख्ख्या भावाला, पावसात वर ठेवलं. यावर संतापावं की रडावं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही राहिलेलं काम पुरं करायला गेलो. काम अर्ध्यावर असताना पाऊस आला. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, ‘उतरू का?’ आणि मी जीभ चावली.

वहिनींनी पिशवीला हात लावला नाही. तोंडावर पाणी घेत वर बघितलं, बराच वेळ, सबंध झाड बघितल्यासारखं. मग म्हणाल्या, ‘उतरा.’

उतरलो. व्हरांड्यात बाकावर तास दीड तास बसून राहिलो. पाऊस थांबला, साल वाळली, मग दोन्ही फांद्या सोडल्या. पत्र्याला ओरखडाही गेला नाही. मुख्याध्यापिका बाईंनी चहा पाजला. इतकं सरळ काम कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

घरी गेल्यावर दादाने वहिनींना विचारलं, पाऊस तर आला होता, मग फोन का नाही आला? त्या म्हणाल्या, ‘गरज नाही पडली.’

बस, तेव्हापासून तो त्यांच्याशी बोलत नाही. पाणी दे, कूस बदल, खिडकी लाव, एवढंच. पडल्याचा राग त्याला तीन वर्षांत कधी आला नाही. आता आलाय तो वेगळाच. बायकोसाठी करता येण्यासारखी एकच गोष्ट त्याच्याकडे उरली होती. ती वहिनींनी सगळ्यांसमोर परत केली. मीच तिथे होतो ‘सगळे’ म्हणून, पण तेवढे पुरले.

मध्यस्थी करून बघितली. हात दाखवून अवलक्षण. मी त्याला म्हणालो, दादा, त्यांना ते ओझं झेपत नव्हतं रे. तो म्हणाला, ‘तिला कुठे उचलायचं होतं? मी उचललं होतं ना.’ वहिनींशी बोलायला गेलो तर त्या म्हणाल्या, बरं झालं बोलून टाकलं. मग भांडी घासताना त्यांचा हात मध्येच थांबला आणि बराच वेळ नळ तसाच वाहत राहिला.

आता लोक म्हणतात, यांना शहाणपण आलं. चार थेंब पडले की हे आवरतात. काही गिऱ्हाइकं तुटली, काही टिकली, चालायचंच. माझी नडगी भरून आली. मी धडधाकट आहे, वहिनी धडधाकट आहेत, आणि नियम पुन्हा वडिलांनी घालून दिला होता तसा झालाय. मी विचारतो, त्या सांगतात, मी उतरतो. फोन पिशवीतच राहतो.

घरी येऊन वहिनी खुंट्यांवर दोर पसरतात. मी दाराशी स्टुलावर बसतो. दादा खिडकीकडे तोंड करून पडलेला असतो. पूर्वी पाऊस लागला की आम्ही दोघं तरी बाहेर असायचो. आता पावसात आम्ही तिघंही घरी असतो.