फोटोची कापलेली बाजू

निवृत्त जनरल वेलिझार ग्रुबाच यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं त्या संध्याकाळी यासेनिकच्या सांस्कृतिक भवनात पाय ठेवायला जागा नव्हती. 'ओबाला' या गावच्या साप्ताहिकाकडून मिलुन्का पेरुशिच आली होती. वय त्रेपन्न, गळ्यात कॅमेरा. तीस वर्षांतला गावचा प्रत्येक सत्कार, प्रत्येक पूर आणि प्रत्येक मोठी अंत्ययात्रा तिनेच टिपलेली.

सुवा मेजाचा विषय जनरलसाहेबांनी स्वतःहूनच काढला. नदीपलीकडच्या त्या खेड्यात युद्धाच्या दुसऱ्या वर्षी शाळेवर तोफा डागल्या गेल्या होत्या आणि आत आसऱ्याला बसलेली एकोणीस माणसं मेली होती.

"त्या दिवशी मी राजधानीत इस्पितळात होतो, मुतखड्याने तळमळत," ते म्हणाले. "मी तिथे असतो तर कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता."

हुकूम दिला तो म्हणे त्यांच्या हाताखालच्या एका कप्तानाने, आणि कप्तान आता हयात नव्हता. सरकारी वकिलांनीही पुराव्याअभावी ती फाइल कधीच बंद केली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. मिलुन्का सवयीने पुस्तक चाळत होती, ती मधल्या गुळगुळीत पानांवर थबकली. तरणाबांड कर्नल ग्रुबाच, दुर्बीण नुकतीच डोळ्यांवरून खाली घेतलेली, ओठांवर हसू. खाली लिहिलं होतं, 'डोंगरावरच्या ठाण्यावर, शरद ऋतू.'

फोटो तिने काढलेला होता. आणि तो डोंगरावरचाही नव्हता, शरदातलाही नव्हता.

बावीस वर्षांपूर्वीच्या जुलैतल्या एका गुरुवारी लष्कराच्या जीपने तिला सुवा मेजाच्या वरच्या आलुबुखाराच्या बागेत नेलं होतं. झाडांखाली तोफा मांडलेल्या होत्या. कर्नलने हौसेने फोटो काढून घेतले आणि तासाभरात तिला परत धाडलं. जीप उतार संपवून नदीपाशी आली तेव्हा मागे तोफा धडधडल्या. तेव्हाच्या संपादकाने फोटो डावीकडून कापला आणि पहिल्या पानावर छापला. कापलेल्या बाजूला काय होतं, हे मिलुन्काने पुन्हा कधी पाहिलं नाही. गावाबरोबर तीही मूग गिळून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बुटांच्या खोक्यातून ती निगेटिव्ह शोधून काढली आणि कचेरीत नेऊन संगणकावर मोठी केली. डाव्या बाजूला, बागेच्या पायथ्याशी, शाळा होती. एकेका खिडकीतून शरण आल्याची खूण म्हणून पांढरी चादर लोंबत होती. पायऱ्यांवर बायका-मुलं उन्हाला बसली होती. दुर्बीण नसती तरी दिसली असती, इतकी जवळ.

संपादक ओग्न्येन तिच्याहून वीस वर्षांनी लहान. त्याने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"ताई, छापखाना नगरपालिकेचा आहे. आणि नगरपालिका त्यांच्या नावाने पूल बांधतेय."

"मग दुसरा छापखाना बघ."

त्याने विचारलं, त्या वेळी फोटोखाली काय छापलं होतं? वाचनालयातून त्या वर्षाचे अंक कुणीतरी केव्हाच गायब केले होते. पण मिलुन्काच्या आईने लेकीचा फोटो आलेला प्रत्येक अंक लोकरी कपड्यांच्या पेटीत जपून ठेवला होता. त्यात तो मिळाला. 'गेल्या गुरुवारी सुवा मेजासमोरच्या ठाण्यावर कर्नल ग्रुबाच.'

"म्हणजे साहेब मुतखडा घेऊन आपल्याच पहिल्या पानावर हसत उभे आहेत," ओग्न्येन म्हणाला.

पण छापण्याआधी मिलुन्काला एका ठिकाणी जायचं होतं. ती बस धरून सुवा मेजाला गेली. तिथे शेफिका अलिहोजिच राहत होत्या. त्या शाळेत त्यांचा नवरा आणि मुलगी दोघंही मारले गेले होते. युद्ध संपल्यावर त्या एकट्याच परतल्या, घराला छप्पर घातलं, कोंबड्या पाळल्या. त्यांनी कॉफी ओतली. मिलुन्काने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि फोटो टेबलावर ठेवला. शेफिकांनी चष्मा चढवला. त्यांचं बोट पायऱ्यांवरून फिरत एका जागी थांबलं.

"ही झेरिना. सकाळी वेणी मीच घातली होती."

मग त्यांनी चष्म्यावरून मिलुन्काकडे पाहिलं.

"बावीस वर्षं हे तुमच्याकडे होतं?"

"होतं, काकू."

"आणि आम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होतो."

शेफिकांनी फोटो पालथा घातला, पुन्हा सरळ केला.

"छापा. पण त्याचं नाव छापाल तसं तुमचंही छापा. कुणी काढला, कुणी कापला, कोण गप्प बसलं. सगळं येऊ दे."

सगळं आलं. शेजारच्या शहरातल्या एका छापखान्याने अंक छापून दिला. पहिल्या पानावर कापलेला फोटो, त्याच्याशेजारी पूर्ण फोटो, खाली एकोणीस नावं, आणि आत मिलुन्काचा स्वतःच्या मौनावरचा लेख. त्यानंतरचे दिवस कठीण गेले. बेकरीवाला तिला पाव देईना. तिच्या दारावर कुणीतरी डांबराने 'गद्दार' लिहून ठेवलं. तिने ते पुसलं नाही. पुसायचं तर लिहिणाऱ्यानेच, असं ती शेजारणीला म्हणाली.

ग्रुबाचनी अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. फोटो बनावट आहे, त्यात शाळा नंतर घुसडली आहे, असं त्यांचं म्हणणं. इथेच ते फसले. साप्ताहिकाची वकील बुटकी, सौम्य बोलणारी बाई होती. तिने साहेबांचंच पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"यातला हा फोटो खरा आहे ना, साहेब?"

"माझ्या पुस्तकात खोटं काहीही नाही."

मग तिने निगेटिव्ह आणि तो जुना अंक न्यायाधीशांसमोर ठेवला. तज्ज्ञाने शर्टाची उघडी गुंडी, खांद्यावरची फांदीची सावली, दुर्बिणीचा पट्टा, सगळं ताडून पाहिलं. फोटो एकच होता, आणि निगेटिव्हला कुणी हात लावलेला नव्हता. साहेबांनी पाणी मागितलं. त्यांचा दावा फेटाळला गेला. राजधानीतले पत्रकार बाकांवर खेटून बसले होते. त्या संध्याकाळी देशातल्या प्रत्येक वाहिनीवर त्या चादरी दिसल्या.

आठवड्याच्या आत त्या तोफांवरच्या दोघा जुन्या सैनिकांनी आपणहून 'ओबाला'त फोन केला. हुकूम कर्नलनेच दिला होता. कप्तानाने चादरी दाखवल्या तेव्हा कर्नल म्हणाले होते, "धुणं वाळत घातलंय, दुसरं काय?" दोघंही हे शपथेवर सांगायला तयार होते. बंद फाइल उघडली. खटला दीड वर्ष चालला. ज्या न्यायालयाने कधी शेफिकांचा अर्जही नीट वाचला नव्हता, त्याच न्यायालयाने ग्रुबाचना दोषी ठरवलं. पंधरा वर्षं कैद. अपील झालं, तेही फेटाळलं गेलं. नगरपालिकेच्या बैठकीत पुलाच्या नावाचा ठराव कुणी मांडलाच नाही.

अपिलाचा निकाल छापलेला अंक टपालाने पाठवण्याइतका धीर ओग्न्येनला नव्हता. त्याने गठ्ठे गाडीत टाकले आणि मिलुन्काला घेऊन सकाळीच सुवा मेजा गाठलं. शेफिकांच्या अंगणात गाव जमलं होतं, दूरदूरच्या शहरांत विखुरलेले सुद्धा आले होते. ओग्न्येन पायरीवर उभा राहून वाचू लागला. शेफिकांचे दीर रेमझिया ऐंशीचे, कानाने अधू.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"दोषी, काका."

"मोठ्याने वाच. नदीपलीकडे ऐकू गेलं पाहिजे."

ओग्न्येनने पुन्हा वाचलं, घसा ताणून. तिसऱ्यांदा वाचायला लागला तेव्हा अंगणातली माणसं त्याच्याबरोबर म्हणू लागली, एकेक शब्द चवीने. शेफिकांनी चीज भरलेल्या खुसखुशीत पिटा-रोट्यांचं भलंमोठं ताट बाहेर आणलं. त्या रडत होत्या आणि त्याच वेळी खणखणीत आवाजात हुकूमही सोडत होत्या, की उभ्याने कुणी खायचं नाही, बाकडी आणा. मिलुन्काला त्यांनी हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि पहिला तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला.

"खा, पोरी. आज पोटभर खा."

रेमझियांनी तीन अंक मागून घेतले, एक ऑस्ट्रियातल्या मुलाला पाठवायला, एक मशिदीत ठेवायला आणि एक स्वतःला, उशाशी. मग प्रत्येकालाच तीन-तीन हवे झाले. दुपारपर्यंत गठ्ठे संपले, आणि ओग्न्येन हातातला घास तसाच ठेवून आणखी अंक आणायला शहराकडे निघाला.