लिंबाने भरलेली टाकी

मित्रांनो, या पृथ्वीवर पाण्याची खरी पातळी दोघांनाच ठाऊक असते. एक वरुणदेव आणि दुसरा मी. वरुणदेव आभाळात राहतो. मी सोलापुरात, एका टाकीच्या झाकणाला आतून उलटा टांगलेला असतो, वटवाघळासारखा.

मी एक जुना पातळीमापक आहे. मी खाली आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो. लवकर परतला तर टाकी भरलेली, उशिरा परतला तर रिकामी. हा आवाज माणसांना ऐकूच येत नाही. तरीही कारखान्यात मला ‘भोंगा’ म्हणतात.

अठ्ठ्याहत्तर साली गुरुसिद्धप्पांनी मला आपल्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात आणले. तोवर टाकीत बांबू बुडवून पाणी बघत. त्यांची थोरली बहीण सिद्धम्मा म्हणाली, “का रं तम्मा, बांबू आजारी पडला व्हता व्हय?”

“अक्का, हा एकदा जरी चुकला, तर याला काढतो आणि तुझा बांबू परत आणतो.”

अशी माझी नोकरी बांबूच्या डोळ्यांदेखत सुरू झाली. मी सांगेन तिथे बाहेरचा काटा थांबे. मी चुकत नव्हतो.

मग खंडेनवमी आली. सगळ्या यंत्रांची पूजा झाली. दसऱ्यानंतर काम सुरू झाले तेव्हा काटा ‘भरली’वर होता, म्हणून पंप कोणी लावला नाही. लाल रंगात सूत अर्धे भिजले आणि नळ फुस्स करून थांबला. आता पाणी नाही मिळाले, तर साऱ्या सुताला डाग!

“तम्मा, पानी काट्यात हाय, टाकीत न्हाय!” सिद्धम्मा ओरडली. “आन तो बांबू!”

पंप लावून गुरुसिद्धप्पा पाना घेऊन शिडी चढले, माझी हकालपट्टी करायला. झाकण उचलले, तर माझ्या गळ्यात झेंडूचा हार, आणि हाराच्या टोकाला, बरोबर माझ्या तोंडाखाली, लिंबू. मी इमानदारीने लिंबाची पातळी सांगत होतो.

“हे कोणी घातलं?”

सिद्धम्मा पदराशी चाळा करत म्हणाली, “मीच की. समद्यांला हार, मग ह्यालाच का न्हाय? आपल्या घरचाच न्हवं आता?”

गुरुसिद्धप्पा इतके हसले की शिडी हलली. लिंबू काढून झाकण लावताच काटा धाडकन खाली आला आणि मग पाण्याबरोबर वर चढू लागला. सूत एकसारखे लाल झाले. बांबूवर आता धुणे वाळते. तो माझ्याशी बोलत नाही.

गळ्यात हार पडला की सगळीकडे भरपूर दिसू लागते. हे फक्त यंत्रांचेच होते, असे ऐकतो.

तेव्हा मित्रांनो, यंत्रांना जीव लावा, त्यांची निगा राखा. दरवर्षी हार जरूर घाला. लिंबाचे तेवढे सरबत करा.