उत्तर वेशीबाहेरची घरं

टोपी काढून सर ॲम्ब्रोज थर्लबी वाकून आत शिरले. टॅबी दाराशी बसून वाटाणे सोलत होती.

"ये, बस. उभा राहिलास की सगळा उजेड अडतो."

सारं हॅलोफर्ड गाव त्यांना 'सर' म्हणे. अरेतुरे करणारी ही एकटीच. तिच्या अंगावरचं दूध पिऊन ते वाढले होते.

"दाई, सामान बांधायला हवं. आजच."

"कुणाचं?"

"तुझं. या ओळीतल्या सगळ्यांचंच. आपण पार्लमेंटच्या बाजूचे, म्हणून राजाची फौज इकडे निघालीय. ही घरं तटाला फार लागून आहेत. त्यांचे बंदूकवाले या भिंतींआड बसून आपली माणसं टिपतील. म्हणून..."

पार्लमेंटात तास-तास बोललेला माणूस टोपीची कड चाचपत बसला.

"जाळणार?" तिनेच विचारलं.

"हो."

"कुणी ठरवलं?"

"गावाच्या बचाव समितीनं." जरा थांबून ते म्हणाले, "मी ठरवलं."

तिने मांडीवरची टरफलं झटकली. "मधमाश्यांच्या टोपल्या तेवढ्या संध्याकाळी हलवीन. आत्ता माश्या रानात गेल्यात."

"संध्याकाळपर्यंत थांबायला सांगतो मी."

पण गावाच्या तुकडीचा कॅप्टन ओल्डनॉ थांबायला तयार नव्हता. वारा आत्ता गावाकडून बाहेर वाहतोय, म्हणाला. संध्याकाळी फिरला तर अख्खं गाव पेटेल. त्याचं म्हणणं खरं होतं. सर ॲम्ब्रोज यांनी मान डोलावली.

गवती छपरांना वेळ लागला नाही. लोक रस्त्यावर गाठोडी घेऊन उभे होते. कुणी रडत नव्हतं, हे सर ॲम्ब्रोज यांना जास्त जड गेलं. जोब फेनर या विणकराने आपल्या मागाची एक तुळई तेवढी बाहेर काढली होती. ती खांद्यावर घेऊन तो त्यांच्यासमोर आला.

"सर, लंडनला तुम्ही आमच्या वतीनं बोलला होतात म्हणे. कायद्यावाचून कुणाच्या घरादाराला राजानंसुद्धा हात लावू नये, असं."

"बोललो होतो."

"राजानं कर मागितला होता, साहेब. चूल नव्हती मागितली."

दिवस कलल्यावर माश्या रानातून परतल्या आणि जिथे टोपल्या होत्या तिथल्या धुरावर घिरट्या घालत राहिल्या. टॅबी त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत होती. मग निमूटपणे सर ॲम्ब्रोज यांच्यामागून चालत त्यांच्या घरी आली. वरच्या मजल्यावरची खोली तिने नाकारली. स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या बाकावर अंथरूण घातलं.

बाकीच्यांची सोय चर्चमध्ये झाली. पावसाने फरशी ओलावली तसा तिथे ताप शिरला. जोबची बायको सिबिल त्यात गेली. तिला पुरताना सर ॲम्ब्रोज सगळ्यांच्या मागे उघड्या डोक्याने उभे होते. माती लोटून झाल्यावर जोब त्यांच्या शेजारून गेला, पण त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

फौज मात्र येत नव्हती.

ते रोज सकाळी उत्तर तटावर जाऊ लागले. खाली काळी जोती, अर्धवट जळालेलं एक सफरचंदाचं झाड, आणि त्यापलीकडे रिकामा रस्ता. पहारेकरी आपसांत म्हणत, सरांना काळजी फार. एकदा टेकडीमागून धुळीचा लोट उठला. पहारेकरी ओरडले, नगारा वाजला, खाली बायका मुलांना हाका मारत पळू लागल्या. सर ॲम्ब्रोज यांनी तटाचा दगड घट्ट धरला. त्यांच्या छातीत काहीतरी उसळून आलं होतं. आले, आले एकदाचे!

लोट जवळ आला. मेंढ्या होत्या. पहारेकरी हसत सुटले, एकमेकांना मिठ्या मारू लागले. सर ॲम्ब्रोज मात्र तटाला टेकून खाली बसले. आपल्याला झाला तो आनंद होता, हे त्यांना कळून चुकलं होतं. ज्या गावाने त्यांना निवडून दिलं, त्या गावावर तोफा चालून याव्यात आणि घरं जाळणं सार्थ ठरावं म्हणून त्यांचा जीव आसुसला होता.

सप्टेंबर सरता सरता बातमी आली, की राजाची फौज पश्चिमेकडे वळली. या वाटेने ती येत नाही. महापौर रस्त्यातच त्यांच्या गळ्यात पडला.

"वाचलो, सर! तुमच्यामुळे वाचलो! त्यांच्या कानावर गेलं असणार, इथली माणसं कच्ची नाहीत म्हणून!"

चर्चच्या घंटा सुरू झाल्या. लोक घराबाहेर आले. चर्चच्या पायरीवर जोब फेनर बसला होता. त्याने मान वर केली नाही. सर ॲम्ब्रोज गर्दीतून वाट काढत घरी आले आणि थेट स्वयंपाकघरात गेले.

टॅबी बाकावर पाय वर घेऊन बसली होती. थंडी वाढल्यापासून तिला खोकला लागला होता.

"घंटा कसल्या रे?"

ते तिच्यासमोर बुटक्या तिवईवर बसले.

तिने त्यांचा चेहरा निरखला. "येत नाहीत का ते?"

बाहेर कुणीतरी आनंदाने आरोळी ठोकली.

"येतील," सर ॲम्ब्रोज म्हणाले. "येतील, दाई. नक्की येतील."

मग तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि पडून रडणाऱ्या पोराची समजूत घालावी तशी हळूच म्हणाली,

"येतील हं. येतील."