तुओवीच्या मापाचे टायर

मी टायरवाला. एकतीस वर्षं गिऱ्हाइकांशी भांडून धंदा केला, तरी लोक माझ्याकडेच येतात. कारण मी त्यांना आवडेल ते सांगत नाही, असेल ते सांगतो. दर ऑक्टोबरात, बर्फावर पकड धरणारे टायर बसवायची वेळ आली की, एक तरी शहाणा उगवतो आणि म्हणतो, माझी गाडी मागच्या चाकांवर पळते, तेव्हा हिवाळी टायर मागे दोनच टाक. त्याला मी विचारतो, "आणि वळताना गाडी कोण वळवतं? तुझी सासू?" चार घ्यायचे तर घे, नाहीतर रस्ता धर.

हे सगळं मला तुओवीने शिकवलं. तिने तीस वर्षं डेअरीचा दुधाचा टँकर चालवला आणि रविवारी गोठलेल्या तळ्यावरच्या मोटारींच्या शर्यतीत भल्याभल्या बाप्यांना मागे टाकलं. निवृत्त झाली तेव्हा तिने एक बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार घेतली. पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद, सगळा जोर मागच्या चाकांवर. लोक म्हणाले, या वयात कुणी असली गाडी घेतं का? ती म्हणाली, "मग काय, शवपेटी घेऊ?"

तिचा नियम एकच होता. गोठलेल्या दवाने गवत पहिल्यांदा पांढरं दिसलं की उन्हाळी टायरवर गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. घराला आग लागली तरी चालत जायचं.

गेल्या सप्टेंबरात तिची मुलगी मार्युत ओउलू शहरातून आली आणि दुकान बंद होईपर्यंत माझ्याकडे बसून राहिली. आई पाव आणायला निघाली होती आणि सापडली चाळीस किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर. कशासाठी आली, ते तिला सांगता येईना. डॉक्टरांची वेळ डिसेंबरातली मिळाली होती. लायसन्सचं काय करायचं ते तेव्हा ठरणार.

"किल्ल्या लपव," मी म्हणालो.

"लपवल्या. तिने पोलिसांना फोन केला, घरात चोर शिरलाय म्हणून. चोर म्हणजे मी. परत द्याव्या लागल्या."

"मग माझ्याकडे काय काम?"

"ती टायर घ्यायला येईल. तिच्या मापाचे यंदा मिळत नाहीत म्हणून सांग."

"आहेत की. ऑगस्टातच मागवून ठेवलेत."

"इल्पो, नाहीत म्हणून सांग. टायर नाहीत म्हटल्यावर ती गाडी काढायचीच नाही. आईला तू ओळखतोस."

मी तिला साफ सांगितलं, असलं काही माझ्याच्याने व्हायचं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी तुओवी आली. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून गाडी लावली, आत आली आणि स्वतःच कॉफी ओतून घेतली.

"काय रे पोरा, केस सगळे गेले का?"

"तुझी वाट बघून बघून गेले."

"वाट बघायला अक्कल लागते, केस नाही. दाखव, काय आणलंयस ते."

मांडणीवर नमुन्याचे टायर होते, काही साधे, काही बर्फात रुतणाऱ्या लोखंडी खिळ्यांचे, ते ती एकेक करून बघत गेली. बिनखिळ्यांच्या टायरमध्ये नख रुतवलं आणि तोंड वाकडं केलं. "रबर मऊ आहे, पण हे शहरातल्या लोकांना. माझ्या गाडीला मागे वजन नाही. ओल्या बर्फावर तिचं बूड असं फिरतं, लग्नात प्यायलेल्या काकासारखं. खिळ्यांचे दे. आणि मागच्यांचे खिळे नीट बसलेत का बघ, गेल्या वेळच्यातले चार गळले होते."

खरंच चार गळले होते. पंधरा मिनिटं ती बोलत होती आणि तिचा एक शब्द चुकला नाही. मार्युतच काहीतरी वाढवून सांगतेय असं मला वाटायला लागलं. मागे जाऊन तिचे टायर बाहेर काढावेत म्हणून मी उठलोसुद्धा. तेवढ्यात ती म्हणाली, "आणखी एक कप दे रे. आर्वोला नेऊन देते. गाडीत बसलाय बिचारा."

आर्वो तिचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या पेटीला खांदा देणाऱ्या सहांपैकी मी एक होतो.

मी परत खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "तुओवी, तुझ्या मापाचे टायर यंदा मिळत नाहीत."

"म्हणजे? टायर आहेत का राजाचा मुकुट?"

"कारखान्यातूनच आले नाहीत."

आता ती भडकणार, हेलसिंकीला फोन लावायला सांगणार, मागच्या खोलीत घुसून बघणार, या सगळ्याची मी तयारी केली होती. तसं झालं असतं तर मी तिथल्या तिथे खरं कबूल केलं असतं. तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

"तू म्हणतोस म्हणजे नसतीलच," ती म्हणाली. "आले की फोन कर. तोवर गाडी गॅरेजात राहील."

ती गेल्यावर मी मार्युतला फोन केला आणि म्हणालो, झालं. ती फोनवरच रडली. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. आम्हा दोघांना वाटलं, गाडीला कुलूप लागलं. ते कुलूप तुओवीच्या डोक्यात होतं आणि तेच डोकं रिकामं होत चाललं होतं. मार्युतने स्वतः ते मला सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं होतं, तरी दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

ऑक्टोबरच्या वीस तारखेला उठलो तर सगळीकडे पांढरं. नऊ वाजेपर्यंत गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. साडेदहाला अग्निशामक दलाचा फोन आला, जुन्या लाकूडगिरणीच्या वळणावर टोइंगची गाडी घेऊन ये. गाडी कोणती ते त्यांनी सांगितलं, आणि मी रांगेतल्या लोकांना काही न सांगता निघालो.

ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. गाडी पाइनच्या झाडाला दाराच्या बाजूने चिकटली होती. त्या वळणावर ऊन उशिरा पोचतं, रस्ता काचेसारखा होता. मी गुडघ्यावर बसून चाकं बघितली, टायर उन्हाळीच. बघायची गरज नव्हती, मला माहीत होतं.

दलातला एक जण आमच्याच गावचा. तो म्हणाला, "शुद्धीवर होती रे. म्हणत होती, गवत पांढरं झालंय, टायर बदलायला निघालेय. इल्पोला कळवा, मला जरा उशीर होईल."

मी बोललो होतो ते खोटं ती विसरली होती. गाडी काढायची नाही, तेही विसरली होती. पांढरं दिसलं की टायर बदलायचे, तेवढं तिला आठवलं, आणि त्यासाठी कुणाकडे जायचं तेही. मी त्या रस्त्याच्या कडेला बसून रडलो. लोक बघत होते, बघोत.

तिसऱ्या दिवशी तुओवी गेली.

दफन झाल्यावर आठवड्याभराने मार्युत दुकानात आली. मी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. कॉफी ओतली, ती तशीच राहिली.

"एक विचारते," ती म्हणाली. "खिळ्यांचे टायर असते तर त्या वळणावर गाडी धरली असती?"

मी नाही म्हणू शकलो असतो. असल्या बर्फावर काहीच धरत नाही म्हणून सांगितलं असतं, आणि तिनेही माझ्यावर विश्वास ठेवला असता.

"किती वेगात होती?" मी विचारलं.

"पोलीस म्हणतात, पन्नास."

"मग धरली असती."

तिने मान हलवली. कोटाची बटणं लावली, वरची, मग खालची, मग पुन्हा वरची. दारापर्यंत गेली आणि वळली.

"तू कुणाचं ऐकत नाहीस, इल्पो. सगळं गाव ओरडलं तरी ऐकत नाहीस," ती म्हणाली. "मग माझंच का ऐकलंस?"