दोन नावांची कॉर्ड

दीक्षाला कंपनीच्या बँडमधून काढण्यात आलं. छे, कुठे काय, काहीच झालेलं नाही. दीक्षा बेस गिटार वाजवते, मी साधी गिटार, मोनिका गाते आणि कुरुळीतल्या आमच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात सगळं उत्तम चाललंय.

बँडवर देखरेख क्वालिटी विभागाची, म्हणजे शेखर सरांची. सरांना संगीतातलं काहीही कळत नाही, त्यामुळे त्यांचे निर्णय अगदी निःपक्षपाती असतात. वर्धापनदिनाचं बिजागरी-गीत त्यांनीच लिहिलंय. दार उघडण्याबद्दलचं आनंदी गाणं आहे.

तालमीत त्यांना कागदावर 'सी सिक्स' आणि 'ए मायनर सेव्हन' अशी कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीची, दोन नावं दिसली, आणि दोन्ही वेळा माझं बोट मात्र एकाच जागी. गिटारच्या दांड्यावरच्या पाचव्या पट्टीवर, पातळ चार तारांवर आडवं. सरांनी मला रंगेहाथ पकडलं. एका पार्टला दोन नंबर चालत नाहीत, एक रद्द करा, म्हणाले.

दीक्षानं समजावलं, की स्वर तेच चार. पण तिनं खाली बेसवर सी वाजवला की कॉर्ड घरी पोचल्यासारखी वाटते, ती सी सिक्स. ए वाजवला की तीच उदास होते, ती ए मायनर सेव्हन. आजूबाजूला काय चाललंय, त्यावर नाव ठरतं.

"म्हणजे पार्ट तोच, पण तुम्ही आलात की नाव बदलतं?"

"हो सर."

"मग दोषाचं रूट कॉज तुम्हीच की हो, मॅडम."

असा शोध लागल्यावर दीक्षाला कमी करणं ओघानंच आलं. शिफ्ट सुटल्यावर बोटं सोलवटेपर्यंत ती सरावाला बसायची. आई चतुराबाई तिला पहिल्यांदाच स्टेजवर बघणार होत्या. सरांनी चतुराबाईंचा पास रद्द केला नाही. मन मोठं आहे माणसाचं.

कार्यक्रम पिंपरीच्या एका सभागृहात झाला. गाण्याची शेवटची ओळ माझ्या त्याच कॉर्डवर. मी बोट ठेवलं, खाली बेस वाजवायला कुणीच नाही. मोनिकाला ती उदासवाली वाटली आणि ती बिचारी 'दार उघडले' म्हणत खोल खोल उतरत गेली. पहिली रांग मान खाली घालून उभी राहिली. तिचं बघून दुसरी. मालक नानासाहेबांनी डोळे पुसत शेखर सरांना विचारलं, "कोण गेलं हो?"

"माहिती घेऊन सांगतो, सर."

दीक्षा आईशेजारी बसून होती. नंतर पार्किंगमध्ये मला एवढंच म्हणाली, "एक सी लागत होता राव. एकच."

चौकशी झाली. दीक्षा सभागृहात हजर असल्यामुळे पार्टवर परिणाम झाला, असा निष्कर्ष निघाला. पुढच्या वर्षी तिला पासही नाही.

सबब माननीय व्यवस्थापनास नम्र विनंती, की कु. दीक्षा यांची क्वालिटी विभागाच्या बैठकांमध्ये नेमणूक करावी, व श्री. शेखर सर बोलत असताना त्यांच्या प्रत्येक वाक्याखाली बेसचा एक स्वर वाजवण्याची परवानगी कु. दीक्षा यांना देण्यात यावी, जेणेकरून सर नेमकं काय म्हणत आहेत, याचा उपस्थितांना बोध होईल.