माझा शेवट आणि जाफरचा शेवट

मी एक जुना इंग्रजी बोलपट आहे. खुनाचा, आणि अगदी स्वस्तातला. बोलपट नवे होते त्या काळात लंडनजवळ बारा दिवसांत मला उरकलं. मोठ्या चित्रपटाआधी मला दाखवत. लोक तोवर शेंगदाणे खात. मित्रांनो, मत्सर मी तिथेच शिकलो.

पुढे माझी एक बारीक फितीची प्रत दोन डब्यांतून कुवेतला आली. एका कंपनीच्या क्लबात रत्नागिरीकडचा जाफर चित्रपट दाखवायचं यंत्र चालवी. शुक्रवारी दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून तो मला दाखवायचा आणि इंग्रजी न येणाऱ्यांना गोष्ट समजावून सांगायचा. मी त्याचा लाडका होतो.

मग मुंबईहून रंगीत हिंदी चित्रपट येऊ लागले. जाफर त्यांना मखमलीने पुसायचा. मी कपाटावर, झाकणाविना, उन्हाने वाळत पडलो. जळफळाट नुसता!

एका शुक्रवारी रंगीत चित्रपटाचे डबे आलेच नाहीत. जाफरने मला लावलं. इन्स्पेक्टर खुन्याकडे बोट दाखवणार, तोच मी तुटलो. मुद्दाम नव्हे, मित्रांनो, वाळलो होतो.

"जाफरभाई, खुनी कोन?" क्लबातला स्वयंपाकी कमाल ओरडला.

माझ्यात खुनी नोकर आहे. जाफरने खोलीभर बसलेल्या नोकरमाणसांकडे पाहिलं. "मालक!" तो म्हणाला, आणि मालक कसा पकडला गेला ते त्याने असं रंगवलं की लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माझ्यासाठी कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. त्या दिवशी मी जाफरवरच जळलो.

त्या रात्री मला घरी, कुवेतच्या सालमिया वस्तीत, नेऊन जाफरने कात्री काढली. "याचा शेवट कापूनच टाकतो. लोकांना माझाच हवाय."

त्याची बायको रुकय्या तांदूळ निवडत होती. "नका हो कापू. तुमचा तुमी सांगा. पन त्याचा त्याला ऱ्हाऊ द्या. कुनीतरी मेहनतीनं केलाय तो."

 जाफरने कात्री खाली ठेवली आणि मला सांधलं. तेव्हापासून आधी माझा शेवट दिसे, दिवे लागत, मग जाफर आपला सांगे. टाळ्या त्यालाच पडत. रुकय्या मात्र क्लबात येऊन माझ्या शेवटालाही दोन टाळ्या वाजवी.

मत्सर गेला म्हणाल, तर नाही. पण मित्रांनो, जुन्या बोलपटाला सावलीत ठेवा, डब्याला झाकण लावा. आणि दिवे लागेपर्यंत उठू नका. जाफरचं मागाहून ऐका.