पांढरीचा खांब

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. चितेगावच्या बायका सांगतात तशी ती नाही. त्या म्हणतात, नूरमोहम्मदचं डोकं फिरलं आणि त्यानं गावाची पांढरीची खाण बुजवली. बुजवली मीच. पण डोकं फिरायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो, आणि तेवढा माझ्यात उरला नव्हता.

आमच्याकडची घरं माळवदाची. लाकडांवर माती, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. तो असला की पाणी आत येत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात नवी पांढरी टाकावी लागते. ती मिळायची गावाबाहेरच्या टेकाडात. वर कडक मुरूम आणि खाली पांढरी, त्यामुळे बायका वरून न खणता आडव्या आत शिरायच्या. सासवांनी खणलं, सुनांनी खणलं, आणि टेकाडाच्या पोटात दहा-बारा बैलगाड्या उभ्या राहतील एवढी जागा झाली. वरचं छत तोलायला मधे मातीचा एक खांब तेवढा ठेवला होता.

मी चौदा वर्षं तेलंगणात कोळशाच्या खाणीत होतो. छत वाजवून बघायचं माझं काम. लोखंडी सळईनं वर ठोकायचं. टणटण वाजलं तर माणसं आत सोडायची, बदबद वाजलं तर थांबवायची. पोलीस ॲक्शननंतर गावी परतलो, तर आप्पासाहेब पाटलांनी ही खाण माझ्या गळ्यात मारली. “तू खाणीतला माणूस. बायकांवर ध्यान ठेव,” म्हणाले. मी नाही म्हणायला हवं होतं.

मी खांबाला चुन्याचा पट्टा मारला आणि सांगितलं, याला हात लावायचा नाही, माती मागच्या भिंतीची घ्या. पण मागची भिंत लांब आणि तिथं अंधार. खांब त्यामानानं तोंडाजवळ, उजेडात, माती भुसभुशीत. जी ती त्याचीच एखादी पाटी न्यायची. एका पाटीनं काय होतंय, असं प्रत्येकीला वाटायचं, आणि गावात दीडशे घरं. सगळ्यांत पुढे द्वारकाबाई. लोकांच्या माळवदांवर पांढरी वाहून देण्यावर तिचं पोट होतं, त्यामुळे तिचा सगळा दिवस खाणीतच जायचा.

“द्वारकाबाई, खांब सोड,” मी बाहेरून ओरडायचो.

“चाचा, खांब काय तुमच्या सासऱ्यानं आंदण दिलाय का?” ती आतून ओरडायची. “लई भ्या घालता बाई लोकांला. माझी सासू याच खांबाची माती न्यायची. म्हातारी होऊन खाटंवर मेली ती, इथं नाय.”

मी आलो तेव्हा तो खांब दोन बायकांच्या कवेत मावत नव्हता. त्या वैशाखात मी एकट्यानं कवेत घेतला, तर पलीकडे माझे हात एकमेकांना लागले. छताला सळई ठोकली. बदबद वाजलं.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. तेलंगणात माझ्या जोडीला पैठणकडचा रामकिसन होता. एकदा पाळी संपताना त्याच्या डोक्यावरचं छत मी वाजवलं आणि ते पोकळ लागलं. सोळा तास झाले होते, पाय उभे राहत नव्हते. थांबवायचं म्हणजे मुकादमाला शोधा, टेकू मागवा, वाद घाला. मी म्हणालो, ठीक आहे. रामकिसनचं प्रेत बाहेर काढायला दोन दिवस लागले. सगळे नशीब म्हणाले. नशीब कसलं? मी थकलो होतो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

म्हणून खाण बंद करवायला औरंगाबादच्या कचेरीत खेपा घातल्या. पहिल्या खेपेला अर्ज उर्दूत होता. कारकून म्हणाला, आता मराठीत आणा. दुसऱ्या खेपेला औरंगपुऱ्यात एकाकडून मराठीत लिहून घेतला, तर साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. त्यांनी अर्ज नीट वाचला आणि म्हणाले, बायका घराला माती काढतात त्याला खाण म्हणत नाहीत, खड्डा म्हणतात, आणि खड्डा गावाच्या ताब्यात येतो. शहागंजातून परतीची मोटार पकडली आणि चितेगाव येईपर्यंत झोपून गेलो.

मग चावडीवर बोललो. म्हणालो, खांब आता तग धरणार नाही. खाण बंद करा, आत कोणी नसताना छत मुद्दाम पाडून टाका.

“निम्मी माळवदं अजून उघडी हायत, नूरभाई,” आप्पासाहेब म्हणाले. “पाऊस तोंडावर आलाय. यंदाचं उरकू द्या. पुढल्या साली बघू.”

तेवढ्यात द्वारकाबाई उठली. “पाटील, आधी चाचांच्या माळवदावर चढून बघा. कशी दुधावानी पांढरी हाय! समदी खांबाची हाय ती. चाचींनी माझ्यासंगं नेली, पाच पाट्या.”

चावडी खो खो हसली. मी चप्पल शोधली आणि निघालो.

घरी माझी बायको नजमुन्निसा भाकरी थापत होती. विचारलं तर म्हणाली, “हौ, मैं ली.” मग आम्ही दोघं भांडणात मराठीवर येतो तशी मराठीवर आली. “तुम्ही बाहेर उभं राहून वरडता. आत अंधारात वाकून कोण जाणार? माझे गुडघे बघितले का कधी? समद्या नेत व्हत्या, मी बी नेली.”

मला तिचा राग आला. पण खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं. आता माझं तोंडच बंद झालं होतं. उद्या काही झालं तर मी सांगितलं होतं, एवढं म्हणायला मी मोकळा. दोन दिवस बाजेवर पडून राहिलो.

तिसऱ्या दिवशी सहज तिकडे गेलो. द्वारकाबाई खांबाला पाठ टेकून भाकरी खात होती. वरून तिच्या केसांत बारीक माती पडत होती, चाळणीतून पीठ पडावं तशी. ती केस झटकायची आणि पुढचा घास घ्यायची. बाहेर ये, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मला त्याचाही कंटाळा आला. तो कंटाळा मी ओळखला. तेलंगणात त्या पाळीला हाच होता माझ्या अंगात.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेबांच्या पुतणीचं लग्न होतं आणि सगळ्या गावाला चूलबंद आवतण होतं. खाणीकडे कोणी फिरकणार नव्हतं. दुपारी मी मोटेचा जाडजूड नाडा खांद्यावर टाकला आणि बैल सोडले. नजमुन्निसानं कुठं म्हणून विचारलं नाही. तिनं बैलांचे कासरे माझ्या हातातून घेतले आणि पुढे चालू लागली.

खाणीत तीनदा हाका मारल्या. कोपरा न कोपरा हातानं चाचपला. मग पहारीनं खांबाच्या कमरेला खाच पाडली. छत वर कुरकुरत होतं. खाचेत नाड्याचा फास बसवला, दुसरं टोक घेऊन बाहेर आलो आणि ते बैलांच्या जुवाला बांधलं.

“हाक,” मी म्हणालो.

बैलांनी ओढलं. दोऱ्यानं साबणाची वडी कापावी तसा नाडा खांबात शिरला. जरा वेळ काहीच झालं नाही. मग सगळं टेकाड खाली बसलं, नाडा तुटला आणि बैल गुडघ्यांवर आले. लग्नाचे ताशे थांबले.

लोक पंगत सोडून धावत आले. आप्पासाहेब फेटा हातात धरून पुढे होते. “आत कोण हाय?” त्यांचा आवाज फाटला होता.

“कुणी नाय,” मी म्हणालो.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच शिव्या सुरू झाल्या.

पावसाळ्यात निम्मं गाव गळलं. पांढरी आता दोन कोसांवरून आणावी लागते. माझ्या बैलांना कोणी कामाला बोलवेना, चावडीपुढून गेलो की बोलणी थांबायची. बरं केलं, असं कोणी म्हणालं नाही. म्हणणार तरी कशावरून? कोणी मेलंच नव्हतं ना.

द्वारकाबाईचं काम गेलं आणि घरही गळायला लागलं. मोठी सर येऊन गेली की ती डोक्यावर पोतं घेऊन माझ्या दारापुढे उभी राहायची. “चाचा, तुमचं वाटोळं होवो! भांडी संपली माझ्या घरातली, गळती संपंना! बसायला कोरडी जागा नाय! पोटावर पाय दिला तुम्ही माझ्या!”

ती बोलत होती ते खरंच होतं.

“एकदा तरी जवाब द्या तिला,” नजमुन्निसा म्हणाली.

“बोलू दे,” मी म्हणालो. “आत बोलव तिला. भिजतीय. चहा टाक.”

द्वारकाबाई आत आली नाही. शिव्या देऊन देऊन तिचा घसा बसला होता. तिनं पोतं पिळलं आणि परत डोक्यावर घेतलं. “आज थकले मी,” ती म्हणाली. “ऱ्हायलेलं उद्या येऊन बोलते.”

“ये बाई,” मी म्हणालो. “रोज ये.”